शेवटच्या पानापर्यंत

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आमच्या गावच्या वाचनालयात दर दोन-तीन वर्षांनी काउंटरवरचा माणूस बदलतो, आणि दर वेळी माझ्यावर तोच प्रसंग येतो. मी कुमार विभागाच्या कपाटातून दोन पुस्तकं काढून त्याच्यापुढे ठेवते. तो पुस्तकांकडे बघतो, माझ्या पांढऱ्या केसांकडे बघतो आणि आदराने विचारतो, "नातवंडांसाठी का, काकू?" मी सांगते, "नाही, मलाच." मग तो जरा गडबडतो. एकाने तर मला हळूच मोठ्यांच्या कथा-कादंबऱ्यांचं कपाट कुठे आहे ते दाखवलं होतं. बिचाऱ्याला वाटलं असेल, चष्म्याचा नंबर वाढला, बाई चुकीच्या कपाटाशी गेल्या.

माझी साठी उलटून गेली आहे. बँकेतली नोकरी पूर्ण करून निवृत्त झाले. तरी साधारण बारा ते सोळा या वयाच्या मुलामुलींच्या ज्या कादंबऱ्या असतात, त्यांची मी चाहती आहे. अभ्यासक नव्हे. सिनेमातल्या नटाचे चाहते असतात ना, पहिल्या दिवशी पहिला खेळ बघणारे, तशी चाहती. आणि गेली तीसेक वर्षं मी या पुस्तकांची परीक्षणंही लिहिते आहे. चाहत्याने परीक्षण लिहावं का, असं मला पुष्कळजण विचारतात. त्यावर आज बोलायचं आहे. त्यात माझी एक चूकही सांगायची आहे. ती सांगितल्याशिवाय बाकीच्याला अर्थ नाही.

सुरुवात झाली ती फास्टर फेणेपासून. माझ्या वयाच्या अनेकांची तशीच झाली असणार. भा. रा. भागवतांचा हा बनेश फेणे फुरसुंगीचा, पुण्याला विद्याभवनात शिकणारा, अंगाने काडी, पायाखाली सायकल आणि तोंडात 'ट्टॉक'! मी दहा वर्षांची असताना आमच्या आळीतली सगळी मुलं दिवसभर ट्टॉक ट्टॉक करत असायची. आमच्या शेजारच्या आजींना वाटायचं, मुलांच्या दातांना काहीतरी झालंय. फुरसुंगी हे खरोखरचं गाव आहे, पुण्याजवळ आहे, हे कळल्यावर मी वडिलांकडे तिथे जायचा हट्ट धरला होता. ते म्हणाले, "तिथे काय आहे?" मी म्हटलं, "फेणेचं घर." वडील हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. "बघू पुढच्या सुट्टीत," म्हणाले. ती सुट्टी काही आली नाही.

पुढे तेरा वर्षांची झाले आणि अडचण सुरू झाली. वाचनालयातलं मुलांचं कपाट संपलं. इसापनीती झाली, पंचतंत्र झालं, थोरांची चरित्रं झाली, ज्यूल व्हर्नच्या गोष्टी भागवतांच्याच मराठीतून वाचून झाल्या. 'किशोर' मासिक १९७१ साली सुरू झालं होतं, ते महिन्यातून एकदा यायचं आणि एका दुपारी संपायचं. त्यापुढचं कपाट होतं ते एकदम फडके-खांडेकरांचं. त्यातली माणसं प्रेमात पडायची, त्याग करायची, लांबलचक पत्रं लिहायची, आणि आपल्याला मात्र उद्याचा भूमितीचा पेपर आणि मैत्रिणीने धरलेला अबोला यांची काळजी. दुसरीकडे बाबूराव अर्नाळकर होतेच, पण ते घरी आणायची सोय नव्हती. या दोन कपाटांच्या मधे जी जागा होती तिथे मी उभी होते, आणि तिथे पुस्तकंच नव्हती.

ही पंचाईत आपल्याकडचीच होती असंही नाही. अमेरिकेत टल्सा नावाचं शहर आहे. तिथल्या एका शाळकरी मुलीला असंच वाटलं, की आपल्या शाळेत जी मुलं आहेत, ज्यांच्या टोळ्या आहेत, मारामाऱ्या आहेत, त्यांच्याबद्दल कुणी लिहीतच नाही. मग तिने स्वतःच लिहायला घेतलं. वय वर्षं पंधरा. १९६७ साली 'द आउटसायडर्स' प्रसिद्ध झाली तेव्हा ती अठरा वर्षांची होती. मुलांच्या टोळ्यांवर मुलीने लिहिलंय म्हणून परीक्षक नाक मुरडतील, या भीतीने पुस्तकावर पूर्ण नाव न छापता एस. ई. हिंटन एवढंच छापलं. म्हणजे बघा, परीक्षक या जमातीची कीर्ती तेव्हाही काही फार चांगली नव्हती.

माझ्यापुरती ती मधली जागा भरून काढली 'पाडस'ने. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांची 'द यर्लिंग' ही १९३८ सालची कादंबरी. तिला पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळालं, आणि ती मराठीत आणली राम पटवर्धनांनी. फ्लॉरिडाच्या रानातलं एक गरीब शेतकरी कुटुंब, त्यांचा एकुलता एक मुलगा ज्योडी आणि त्याने पाळलेलं हरणाचं पाडस. पाडस वाढतं, शेतातलं कोवळं पीक खायला लागतं. आणि पीक गेलं तर घर वर्षभर खाणार काय? पुढचं सांगत नाही. मी ते पुस्तक सातवी-आठवीच्या मधल्या सुट्टीत माळ्यावर बसून वाचलं. शेवटची पन्नास पानं वाचताना आई खालून हाका मारत होती, गहू निवडायचे होते. मी खाली आले ती तोंड धुऊनच. आईने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, धूळ गेली डोळ्यात." आईने पुस्तकाकडे बघितलं आणि गव्हाचं सूप स्वतःकडे ओढून घेतलं. तिने ते वाचलेलं होतं, हे मला फार वर्षांनी कळलं.

आता परीक्षणांकडे वळते. नोकरीला लागल्यावर एका छोट्या मासिकाने मला मुलांच्या पुस्तकांचं सदर दिलं. मानधन नव्हतं, पुस्तकं ठेवून घ्यायची मुभा होती, म्हणजे माझ्या दृष्टीने पगारच. आपल्याकडे मुलांच्या पुस्तकांची परीक्षणं कशी लिहिली जातात ते तुम्हाला माहीत आहे. लेखक सुपरिचित असतो. भाषा ओघवती असते. मुखपृष्ठ आकर्षक, टाइप ठसठशीत, चित्रं सुबक. मुलांवर नकळत चांगले संस्कार होतात. किरकोळ मुद्रणदोष पुढील आवृत्तीत टाळता येतील. आणि शेवटी, प्रत्येक शाळेने संग्रही ठेवावे असे पुस्तक. मी तेच लिहीत होते. चाहती होते ना! आवडतं म्हणून सगळ्याचंच कौतुक.

गोष्ट १९९६ सालची. आमच्या ओळखीतल्या एका लेखकाची कुमार कादंबरी आली. लेखकाचं नाव मी सांगणार नाही, कारण दोष त्यांचा नव्हता. मार्च महिना होता, बँकेत वर्षअखेरीची कामं चालली होती, रात्री नऊ-नऊ वाजत होते. मी पुस्तकाची पहिली साठेक पानं वाचली. दोन भावंडं सुट्टीत आजोळी जातात, नदी, आमराई, आजोबांबरोबर बैलगाडीतून फेरफटका. मजेदार लिहिलं होतं. उरलेलं चाळलं, मलपृष्ठावरचा मजकूर वाचला आणि परीक्षण लिहून टाकलं. 'सुट्टीची एक आनंदी सफर', 'हसत-खेळत वाचावी अशी' वगैरे.

दीड महिन्याने मासिकाच्या पत्त्यावर माझ्या नावाने एक पोस्टकार्ड आलं. आठवीतल्या मुलीचं होतं. अक्षर वळणदार, ओळी कार्डाच्या कडेपर्यंत गेलेल्या. 'आदरणीय बाईंना सा. न.' अशी सुरुवात. मजकूर मला आज पाठ आहे. तिने लिहिलं होतं, की तिचे आजोबा महिन्यापूर्वी वारले. ती कुणाशी बोलत नव्हती. तिच्या बाबांनी माझं परीक्षण वाचलं आणि तिचं मन रमावं म्हणून ते पुस्तक आणून दिलं. पुस्तकात पुढे आजोबा जातात. 'तुम्ही हे लिहिलं नाहीत. तुम्ही शेवटपर्यंत वाचलं असतंत तर लिहिलं असतंत. बाबांना फार वाईट वाटलं. ते मला सॉरी म्हणाले. त्यांची चूक नव्हती.' एवढंच. खाली नमस्कार आणि नाव.

श्रोतेहो, मी ते कार्ड पर्समध्ये घालून आठ दिवस बँकेत जात होते. कॅश मोजताना, चहा पिताना, बसमध्ये, ती ओळ आठवायची. बाबा सॉरी म्हणाले. माझ्या आळसाबद्दल एका सज्जन माणसाने आपल्या मुलीची माफी मागितली होती.

मग मी आधी काय केलं, तर ते पुस्तक शेवटपर्यंत वाचलं. शंभरएक पानांनंतर आजोबा खरोखरच जातात, आणि लेखकाने ते फार चांगलं लिहिलं होतं. रडारड नाही, उपदेश नाही. आजोबांच्या चपला दाराशी तशाच राहतात. येणारे-जाणारे त्यांना ओलांडून जातात, उचलत कुणीच नाही. पुस्तकातलं सगळ्यात उत्तम पान तेच होतं, आणि मी त्याच्याबद्दल एक अक्षरही लिहिलं नव्हतं. म्हणजे मुलीला फसवलं ते एक, आणि लेखकाचं खरं काम न बघताच त्याची पाठ थोपटली ते दुसरं.

मुलीला पत्र लिहिलं. बँकेतल्या कामाचं कारण आधी लिहिलं होतं, मग ते खोडलं, मग कागदच बदलला. 'मी पुस्तक पूर्ण वाचलं नव्हतं. माझं चुकलं. बाबांनाही सांग.' एवढंच लिहून पाठवलं. उत्तराची अपेक्षा नव्हती. पण आलं. या वेळी आंतर्देशीय पत्र, म्हणजे बोलायचं जास्त होतं. तिने लिहिलं होतं, 'चपलांचं पान मी तीन वेळा वाचलं. आमच्याकडे आजोबांची काठी तशीच आहे. आईला ते पान वाचून दाखवलं, मग आम्ही दोघी रडलो. पुस्तक चांगलं आहे. पण आनंदी सफर नाही.'

ते पुस्तक त्या मुलीला देऊ नये असं होतं का? कदाचित तिला तेच हवं होतं. पण ते हातात घेताना आत काय आहे हे तिला आणि तिच्या बाबांना ठाऊक असायला हवं होतं. ते सांगणं माझं काम होतं.

तेव्हापासून मी सदरात दोन गोष्टी पाळल्या. पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय लिहायचं नाही, ही पहिली. सांगायला लाज वाटावी इतकी साधी आहे, पण आपल्या मराठीत ती किती जण पाळतात याची मला शंका आहे. दुसरी जरा अवघड. शेवट फोडायचा नाही, पण वाटेत खड्डा असेल तर सांगायचं. 'पाडस'बद्दल लिहायचं तर काय लिहाल? शेवट सांगितला तर पुस्तकाचा जीव गेला. 'एका मुलाची आणि हरणाची गोड मैत्री' म्हटलं तर पुन्हा तीच आनंदी सफर. मी लिहिते, की हे भुकेबद्दलचं पुस्तक आहे, यात रडू येईल, आणि वाचून झाल्यावर तासभर कुणी कामाला हाक मारू नये अशी सोय करून ठेवा.

यावर पालक मला म्हणतात, "बाई, रडवणारं नको. काहीतरी हलकंफुलकं सांगा." त्यांचं चूक आहे असं नाही. पण तेरा-चौदाच्या वयात मुलं घरात काय काय ऐकत असतात! दारं लोटून घेतलेली भांडणं, वडिलांच्या नोकरीची काळजी, मैत्रिणीच्या घरी झालेलं काही. हे सगळं त्यांच्यापर्यंत पोचतच असतं. पुस्तकात मात्र कायम आमराई.

गंमत म्हणजे, या वयाबद्दलची मराठीतली उत्तम पुस्तकं कुमार विभागाच्या कपाटात सापडतातच असं नाही. प्रकाश नारायण संतांचा लंपन घ्या. कराडला भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या या प्राध्यापकाने 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर' अशी चार पुस्तकं लिहिली आणि २००३ साली ते गेले. बेळगावकडची ती कानडी वळणाची मराठी, आजी-आजोबांकडे राहणारा, सारखा 'म्याड' म्हणणारा तो मुलगा. मोठ्यांनी मोठ्यांसाठी म्हणून ती पुस्तकं वाचली आणि आपापल्या बालपणात गेले. मिलिंद बोकीलांची 'शाळा' २००४ सालची. आणीबाणीच्या काळातला नववीचा वर्ग, मुकुंद जोशी आणि त्याची ती शिरोडकर. हीसुद्धा कादंबऱ्यांच्या कपाटात. आमच्या वाचनालयात ती मुलांच्या कार्डावर देत नव्हते. मग मी माझ्या कार्डावर घ्यायची आणि पुढे काय व्हायचं ते व्हायचं. ग्रंथपालांना हे माहीत होतं. ते रजिस्टरमध्ये डोकं घालून बसायचे. पुढे २०१२ मध्ये 'शाळा'वर सिनेमा आला आणि मग तो नियम आपोआपच ढिला पडला.

निवृत्त झाल्यापासून शनिवारी दुपारी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दहा-बारा मुलं-मुली जमतात. मी खुर्च्या लावते आणि गप्प बसते. परीक्षण म्हणजे काय हे मी या मुलांकडून पुन्हा शिकते आहे. मुखपृष्ठ आकर्षक आहे असं त्यांच्यातलं कुणी अजून म्हटलेलं नाही. माझ्या लाडक्या फास्टर फेणेबद्दल एका मुलीने पहिल्याच दिवशी विचारलं, "आजी, जिथे चोर असतो तिथे हा बरोबर कसा पोचतो? आणि यात मुली इतक्या कमी का?" मी इतक्या वर्षांची चाहती, मला उत्तर देता आलं नाही. मी म्हटलं, "तू लिही ना तसं." तिने लिहिलं. त्यात शेवटी होतं, की तरीपण मी पुढचं पुस्तक नेणार आहे.

मला वाटतं, चाहते आंधळे असतात ही समजूत चाहत्यांशी कधी न बोललेल्यांची आहे. ज्याचं प्रेम नाही तो पुस्तक मिटून गप्प बसतो. भांडतो तो चाहताच. शांता शेळके यांनी मराठीत आणलेली 'चौघीजणी' तुमच्यापैकी अनेकांनी वाचली असेल. मूळ लेखिका लुइसा मे अल्कॉट. पहिला भाग १८६८ साली आला आणि मुलींच्या पत्रांचा पाऊस पडला. सगळ्यांचा एकच प्रश्न, कुणाचं लग्न कुणाशी होणार? ज्योचं शेजारच्या लॉरीशी व्हावं असा आग्रह. अल्कॉटबाई वैतागल्या, आणि कुणाला खूश करण्यासाठी मी ते लग्न लावणार नाही, असं त्यांनी रोजनिशीत नोंदवून ठेवलं. दुसऱ्या भागात त्यांनी खरोखरच ते लावलं नाही. दीडशे वर्षं होऊन गेली. गेल्या पावसाळ्यात आमच्या वरच्या मजल्यावर याच विषयावर अशी भांडणं झाली, की खालून ग्रंथपाल वर आले. एक मुलगी म्हणत होती की लेखिकेने मुद्दाम सूड उगवला. दुसरी म्हणत होती की ज्योला लॉरी नकोच होता, तुम्ही तिचं ऐकतच नाही. दोघींनी पुस्तक उघडून पानं दाखवायला सुरुवात केली. विद्यापीठातल्या चर्चासत्रांत मी इतकी पानं उघडलेली पाहिलेली नाहीत.

मी मात्र या वयातही ही पुस्तकं का वाचते, असं घरचेही विचारतात. तरुणपण आठवतं म्हणून, असं उत्तर त्यांना हवं असतं. खरं म्हणजे मला माझं तेरावं वर्ष परत नको आहे. फार अवघड होतं ते. पण त्या वयाच्या वाचकासाठी लिहिणाऱ्याला फापटपसारा परवडत नाही. मोठी माणसं पुरस्कार मिळालाय म्हणून चारशे पानं रेटतात. तेरा वर्षांचा मुलगा कंटाळा आला की दहाव्या पानावर पुस्तक पालथं टाकून खेळायला जातो. त्याला धरून ठेवायचं तर खरं बोलावं लागतं आणि लवकर बोलावं लागतं. शिवाय या पुस्तकांत सगळं पहिल्यांदा घडतं. पहिलं खोटं, पहिला विश्वासघात, आई-बाबाही घाबरतात हे पहिल्यांदा दिसणं. लेखकाने ते नीट लिहिलं असेल तर वाचणाऱ्यालाही ते पहिल्यांदाच कळतं, मग त्याचं वय काही का असेना.

आता परवाचंच सांगते. त्या १९९६ सालच्या कादंबरीची एक जुनी प्रत आमच्या कपाटात आहे. पुठ्ठा सुटलेला, मी चिकटपट्टी लावली आहे. शनिवारच्या मुलांपैकी एकाने ती उचलली. सातवीतला मुलगा, फारसा बोलत नाही. पहिलं चित्र बघितलं, बैलगाडीचं, आणि मला विचारलं, "आजी, हे मजेशीर आहे का?"

मी म्हटलं, "अर्धं मजेशीर आहे."

"आणि अर्धं?"

"अर्ध्यात एक माणूस जातो. चांगला माणूस."

त्याने जरा विचार केला. कोण जातं ते विचारलं नाही. पुस्तक मागे ठेवेल असं मला वाटलं, पण त्याने कार्ड काढलं आणि पुस्तक दप्तरात घातलं. मुदत मंगळवारी संपते. अजून त्याने ते परत केलेलं नाही.